सडबरीची सराई

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, बोस्टन शहराच्या पश्चिमेस सुमारें २० मैलांवर, सडबरी नांवाचें एक लहान गांव आहे. बोस्टनहून न्यूयॉर्ककडे जाणारा जुना टपालरस्ता या गांवावरून जात असे. त्या रस्त्याच्या कडेला डेव्हिड हाउ याचें साधें घर होतें. खालीं एक खोली आणि तिच्यावर एक. रस्त्यावरची वर्दळ पाहून १७१६ सालीं त्यानें वाटसरूंस उतरूं देण्याचा परवाना घेतला. सराईचा आरंभ तो एवढाच.

आपल्याकडील धर्मशाळा पुण्यासाठीं बांधली जाई. मुक्काम फुकट, शिधा ज्याचा त्यानें आणावयाचा. तिकडील 'टॅव्हर्न' ही मात्र धंद्याची जागा. घोड्यांस तबेला व दाणावैरण, माणसांस जेवण, मद्य आणि अंथरूण, या सर्वांचे दाम मोजावे लागत. पुढें टपालगाड्या धांवूं लागल्या तेव्हां अशा घरांवांचून प्रवासच अशक्य झाला. कारण जोडी कांहीं मैल धांवली कीं दमते, आणि गाडी अडूं नये म्हणून ठिकठिकाणीं ताजे घोडे तयार ठेवावे लागतात. गाडीबरोबर पत्रें येत, वर्तमानपत्रें येत, दूरच्या शहरांतील भाव येत. साहजिकच सराईचा मालक हा गांवांतील बातम्यांचा पहिला धनी!

डेव्हिडचा मुलगा इझिकिएल यानें घर वाढविलें. 'रेड हॉर्स' म्हणजे तांबडा घोडा, हें नांव त्याच्याच काळचें. १९ एप्रिल १७७५ रोजीं इंग्रजी फौज कॉंकर्डवर चालून आली, तेव्हां लेफ्टनंट कर्नल इझिकिएल हाउ सडबरीच्या माणसांबरोबर तिकडे गेला होता. त्याच्यामागून अ‍ॅडम व नंतर लायमन यांनीं सराई चालविली. पण १८३५ सालीं बोस्टन ते वूस्टर हा लोहमार्ग खुला झाला, आणि तो सडबरीस वगळून गेला. टपालगाड्यांचे दिवस सरले. लायमन अविवाहित होता. १८६१ सालीं तो वारला आणि चार पिढ्यांचा धंदा बंद पडला.

आणि नेमकी येथूनच तिची कीर्ति सुरू होते. १८६२ सालीं कवि लॉंगफेलो हें घर पाहावयास आला. १८६३ सालीं त्याचा 'टेल्स ऑफ ए वेसाइड इन' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत सात जण शेकोटीभोवतीं बसून गोष्टी सांगतात. पॉल रिव्हियरच्या घोडदौडीची गोष्ट सराईवाल्याच्या तोंडीं आहे. मंडळी ओळखींतल्या माणसांवरून घेतलेली, पण ती मैफल मात्र कवीनें मनांत भरविलेली. तरीहि लोक तीच शेकोटी पाहावयास येऊं लागले. १८९७ सालीं एडवर्ड लेमन या लोकरीच्या व्यापाऱ्यानें घर विकत घेऊन त्यास काव्यांतीलच नांव दिलें.

१९२३ सालीं घर हेन्री फोर्डच्या हातीं आलें. मोटारींनीं जुना प्रवास मोडीत काढणाऱ्या माणसानेंच जुन्या प्रवासाचें हें घर जपावें, हा योग विलक्षण खरा. १९२६ सालीं त्यानें एक जुनी शाळा दुसऱ्या गांवाहून उचलून येथें आणली. ती नुसती शोभेस ठेविली नाहीं, हें विशेष. १९५१ पर्यंत भोवतालचीं मुलें तेथें प्रत्यक्ष शिकत होतीं. १९२९ सालीं पाणचक्की झाली. मोटारींच्या वर्दळीचा सराईस उपद्रव होऊं नये म्हणून फोर्डनें हमरस्ताच दुसरीकडून काढविला.

डिसेंबर १९५५ मध्यें आग लागली आणि घराचा बराच भाग जळाला. फोर्ड फाउंडेशनच्या द्रव्यसाहाय्यानें तें पुन्हां बांधण्यांत आलें व १९५८ सालीं दारें उघडलीं. तेव्हां आज उभी असलेली वास्तु कांहीं अंशीं डेव्हिड हाउची, तर कांहीं अंशीं विसाव्या शतकांतील सुतारांची आहे. येणाऱ्यांस त्याचें फारसें वाटत नाहीं. हमरस्ता सोडून ते टपालरस्त्याच्या जुन्या तुकड्यावर वळतात, जेवतात, आणि वरच्या मजल्यावर खोली मिळाल्यास रात्र काढतात.