धावणाऱ्यासाठी वर्गणी, की वर्गणीसाठी धावणारे?

थंडी पडायला लागली की आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात मॅरेथॉनचे फ्लेक्स लागतात. कुणी आरोग्यासाठी धावा म्हणतं, कुणी नदीसाठी, कुणी नेत्याच्या वाढदिवसानिमित्त. टी-शर्ट, मेडल, नाश्ता, फोटो. वीसेक वर्षं मी या बातम्या करतोय. प्रेसनोटमध्ये किती जण धावले ते असतं, झेंडा कुणी दाखवला ते तर असतंच असतं. 'सामाजिक कार्यासाठी निधी' असंही लिहिलेलं असतं. पण निधी जमला किती आणि गेला कुठं, ही ओळ फार क्वचित सापडते. म्हणून आज थोडा मागचा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

सुरुवात पुण्यातून. 1919-20 चा सुमार. डेक्कन जिमखान्यावर धावण्याच्या शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष. शर्यतीत उतरलेली बरीचशी शेतकऱ्यांची पोरं, पायात काही नाही, शिकवायला कुणी नाही. तरी त्यांनी नोंदवलेल्या वेळा बघून टाटा चकित झाले. ही पोरं युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं ठरलं. पैसे उभे करण्यात टाटांनी स्वतःची पदरमोड केली. संघात सहा जण, चार धावपटू आणि दोन पैलवान. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि 19 वे आले. वेळ 2 तास 50 मिनिटं. त्या वर्षीचं अंतरही नेहमीच्या 42.195 किलोमीटरपेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर होतं!

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. तेव्हा पैसा धावणाऱ्यासाठी उभा केला होता. पोराच्या पायात दम आहे, खिशात दमडी नाही, मग समाजानं हात पुढं करायचा, असा तो हिशेब होता.

पुढं 1983 साली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. केनिया-इथिओपियाचे धावपटू पुण्याच्या रस्त्यावर दिसायला लागले, आणि फुटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवायची सवय आपल्याला तिनंच लावली. 2004 ला मुंबई मॅरेथॉन आली आणि हिशेब उलटा झाला. आता धावणारा संस्थेसाठी पैसे उभे करू लागला. मी 21 किलोमीटर धावतोय, तुम्ही अमक्या संस्थेला देणगी द्या, अशी ही रीत. विलायतेत ती जुनी, आपल्याकडं नवी. त्यातून शाळा, दवाखाने, अपंगांच्या संस्था अशा शेकडो ठिकाणी पैसा गेला, हे मान्यच करायला हवं. कोणत्या संस्थेला किती मिळाले हे तिथं जाहीर होतं, म्हणून लोक देतात. आणि योगायोग बघा, 2018 पासून त्या मॅरेथॉनला नाव टाटांचंच आहे.

2012 ला साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. एकीकडं अजिंक्यतारा, दुसरीकडं यवतेश्वरचा घाट. शाहू महाराजांची राजधानी असलेल्या या शहरात आता लोक लांबून धावायला येतात. लॉज भरतात, हॉटेलवाल्याचा धंदा होतो. इतिहास असलेल्या गावाला अशी स्पर्धा फायद्याची ठरते, हे साताऱ्यानं दाखवून दिलं. आपल्याकडं वढू बुद्रुक आहे, रांजणगावचा महागणपती आहे. इतिहासात आपणही काही कमी नाही.

आता शेजारच्या बारामतीची गोष्ट. लता करे हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं आहे. वयाची साठी उलटलेल्या, मजुरी करून पोट भरणाऱ्या बाई. नवरा आजारी, तपासणीला पैसे नाहीत. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये बक्षीस आहे असं कळलं, आणि लुगडं नेसून अनवाणी पायांनी धावल्या. ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढं सिनेमा निघाला, स्वतः त्याच त्यात होत्या, आणि 67 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची विशेष दखल घेतली गेली. आपण सगळ्यांनी कौतुक केलं. पण म्हाताऱ्या बाईला औषधपाण्यासाठी पळावं लागलं, हे कौतुकाच्या भरात बोलायचं राहूनच गेलं. एकीकडं दोन हजार फी भरून दुसऱ्यासाठी धावणारे, दुसरीकडं बक्षिसातून घरचा दवाखाना भागवणाऱ्या लताबाई. दोघंही मॅरेथॉनच धावतात.

आणि तिसरे आपल्या दारातले. पहाटे पाचला नगर रोडला किंवा दौंड-पाटस रस्त्याला जाऊन बघा. भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, राज्य राखीव दलाला 5 किलोमीटर. दौंडमध्ये तर राखीव दलाचे दोन गट आहेत, त्यामुळं ही वर्दी पोरं लहानपणापासून बघतात. पण धावायचं कुठं? एका अंगाला एमआयडीसीचे कंटेनर, दुसऱ्या अंगाला उसाच्या ट्रॉल्या. श्रीगोंद्याच्या पलीकडं आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे असाच शाळेला पळत जायचा. सैन्यात गेला, तिथं प्रशिक्षण मिळालं आणि 2020 ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. सैन्यात गेला नसता, तर त्याचं नाव आपल्याला कळलं असतं का?

म्हणून आयोजक मंडळींना माझ्या तीन मागण्या. एक, स्पर्धा झाल्यावर पंधरा दिवसांत जमा-खर्च जाहीर करा, फी किती, प्रायोजक किती, संस्थेला किती. मी तो फुकट छापतो. दोन, जमलेल्या निधीतला ठरावीक वाटा तालुक्यातल्या मैदानासाठी ठेवा. चारशे मीटरचा मातीचा सपाट ट्रॅक आणि चार दिवे, एवढं झालं तरी पोरं हायवेवरून खाली उतरतील. तीन, भरतीच्या पोरांना फी माफ करा.

स्पर्धेला विरोध नाही, उलट भरपूर व्हाव्यात. तुमच्या गावात पोरं कुठं धावतात, मैदान आहे की रस्ताच, हे कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. यादी झाली की ती घेऊन मी पंचायत समितीत आणि नगरपालिकेत जातो.