आप्पांची चार बोटं

मागच्या महिन्यात उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं आणि मी ऑफिसात परत हजर झालो. दीड महिना घरी, पगार पूर्ण जमा. पहिला आठवडा डाव्या हाताने माऊस चालवला, कुणी एका शब्दाने बोललं नाही. मजा आहे आपली!

पण त्या दीड महिन्यात राहून राहून आठवले ते जळगावला आमच्या गल्लीतले आप्पा. एका जिनात रेच्यावर कपूस घालायचे. एका हंगामात उजव्या हाताची चार बोटं आत गेली. बरे झाल्यावर परत कामावर गेले, पण रेच्यावर नाही, फाटकावर. रखवालदार म्हणून, कमी पगारात. आम्ही पोरं विचारायचो, "आप्पा, बोटं कुठं गेली?" ते म्हणायचे, "गाठीत बांधायनी रे भो, मुंबईला गेली!"

असो. घरी रिकामाच होतो, म्हणून या विषयावर थोडं वाचून काढलं.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्यापुढे खानदेशातल्या जिनांबद्दलही साक्षी झाल्या. हंगामात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, घाई असली की दिवसरात्र, आणि माणसं तीच. झोपेने जड झालेला हात आणि फिरता रूळ, पुढचं सांगायला नकोच.

त्याच सप्टेंबरात 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक असते. पण आणखी एक होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

कायदा यायला १९२३ उजाडलं. लागू झाला १ जुलै १९२४ ला. त्यात पूर्ण नाही, निम्मा पगार, आणि तोही पहिले दहा दिवस सोडून. कायमच्या इजेसाठी मात्र चक्क एक लुकअप टेबल! उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा ६०. अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं प्रत्येक बोट ५. पुढे कोष्टक सुधारलं, उजवं-डावं गेलं, आणि एका हाताची चार बोटं म्हणजे ५० टक्के ठरली. आप्पा म्हणजे निम्मे.

टेबलात एक बग आहे. त्यात अवयव आहे, धंदा नाही. १९७५ साली एका सुताराची केस सुप्रीम कोर्टात गेली. डावा हात कोपराच्या वर कापलेला. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा नुकसान १०० टक्के.

दुसरी गोम खास आपल्या खानदेशची. १९४८ च्या कामगार विमा कायद्याने उपचार दिले, आणि अपघातानंतर हक्काच्या रजेवर असलेल्याला कामावरून काढायला बंदी घातली. पण हंगामी कारखाने वगळले. त्या यादीत पहिलंच नाव कपूस रेचण्याचं! म्हणजे जिनातल्या माणसाने भरपाई मागायची ती थेट मालकाकडे. १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण विम्यातून हंगामी कारखाने आजही बाहेरच आहेत.

आणि परत काम मिळण्याचं काय? नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढू नये, असं २०१६ चा कायदा सांगतो, पण फक्त सरकारी आस्थापनांना.

आप्पांना फाटक मिळालं ते मालकाच्या मर्जीने. लहानपणी मला तो मालकाचा चांगुलपणा वाटायचा. होताही. पण लोखंड्यांनी चांगुलपणा मागितला नव्हता, सोय मागितली होती. माझा पगार मर्जीने आला नाही, नियमाने आला. फरक आहे तो एवढाच, आणि तो मला मनगट मोडेपर्यंत कळला नव्हता.