लिटमस टूलला आर्म शिकवताना

शाळेत लिटमसचा कागद वापरलाच असेल. प्रोसेसरसाठीही त्याच नावाचं एक टूल आहे. जेड आल्ग्लाव, लुक मारांजे, सुस्मित सरकार आणि पीटर स्यूएल यांचा त्यावरचा पेपर 2011 सालचा. त्यात दोनच आर्किटेक्चर होती: एक्स86 आणि पॉवर.

काम सांगायला साधं. असेंब्लीतला चार-पाच ओळींचा प्रोग्राम दोन थ्रेडवर लाखो वेळा चालवायचा आणि कोणतं उत्तर किती वेळा आलं ते मोजायचं. समजा, एक थ्रेड आधी डेटा लिहितो, मग ‘तयार आहे’ असा फ्लॅग. दुसरा आधी फ्लॅग वाचतो, मग डेटा. फ्लॅग नवा पण डेटा जुना, असं दिसेल? एक्स86वर नाही. पॉवरवर मध्ये बॅरियर नसेल तर हो.

मग आर्म जोडायचं ठरलं. तुम्हाला वाटेल, रजिस्टरांची नावं बदलली, नवा पार्सर लिहिला, झालं! तेवढं लागतंच, पण गाडी बॅरियरपाशी अडते. पॉवरकडे जड सिंक आणि हलकं एलडब्ल्यूसिंक. त्या वेळच्या आर्मकडे हलक्याला जोडच नाही, डीएमबीवर भागवायचं. म्हणजे ‘ही टेस्ट नेमकं काय विचारते?’ हे पुन्हा ठरवायला हवं.

धक्का मात्र सगळ्यांत बाळबोध टेस्टनं दिला. एकाच पत्त्यावरून दोनदा वाचायचं. आधी नवी किंमत दिसली, तर नंतर जुनी दिसता कामा नये. कॉर्टेक्स-ए9वर ती अधूनमधून दिसली.

अशा वेळी तुम्ही कोणावर संशय घ्याल? मी तर आधी स्वतःच्या कोडवरच घेईन. इथे दोष चिपचा निघाला. आर्मनं 2011मध्ये तशी सूचना काढली आणि अशा वाचनानंतर कंपायलरनं डीएमबी घालावं असं सुचवलं. चिप तोवर लोकांच्या फोनमध्ये पोहोचलेली, दुसरं करणार काय!

2014च्या ‘हर्डिंग कॅट्स’ पेपरातली एक युक्ती मला फार आवडते. आर्मचं मूळ मॉडेल त्यांनी या दोषासाठी सैल केलं नाही. दोष चालवून घेणारं दुसरं मॉडेल शेजारी ठेवलं, म्हणजे त्यापलीकडे आणखी काय विचित्र उरतं ते कळावं. उरलेल्यांतली काही वागणुकी तर आर्मच्या डिझायनरांना हव्याच होत्या, असं विचारल्यावर समजलं. तिथे मात्र मॉडेलच बदलावं लागलं. टूलच्या आउटपुटमध्ये दोन्ही प्रकार सारखेच दिसतात: टेस्टचं नाव आणि पुढे एक आकडा.