वळिवड्याची चूल : युद्धकाळातील निर्वासित आणि कोल्हापूरचा बाजार

१/१० कळंबा तलावाने एके काळी ज्या कोल्हापूर शहराची तहान भागवली, त्याच शहराच्या पूर्वेस वळिवडे हे गाव आहे. १९४३ साली येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली.

२/१० १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. सोव्हिएत ताब्यातील लाखो पोलिश नागरिक सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार झाले. १९४१ च्या करारानंतर त्यांतील काहींची सुटका होऊन ते इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले.

३/१० जामनगर संस्थानातील बालाचडीची छावणी प्रामुख्याने अनाथ मुलांसाठी होती. वळिवड्यास मात्र स्त्रिया व मुले कुटुंबासह राहत. शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह असे एक छोटे पोलिश गावच येथे वसले.

४/१० काळ मात्र टंचाईचा होता. त्याच १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. अशा वेळी पाच हजार परक्या माणसांना जेवू घालायचे कसे?

५/१० वळिवड्याने शोधलेले उत्तर साधे होते. कुटुंबांना निर्वाहभत्ता मिळे. बाजारहाट आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. आश्रिताच्या हाती ताटाऐवजी पिशवी आली.

६/१० या व्यवस्थेमुळे निर्वासित हा गिऱ्हाईक झाला. भाजी, दूध, अंडी विकणाऱ्या स्थानिकांना रोजची बाजारपेठ लाभली, तर घरच्या चुलीमुळे पोलिश स्त्रियांना आपली चव आणि आपला मान राखता आला.

७/१० आज विद्यापीठीय संशोधन याच प्रश्नाचा मागोवा घेत आहे. केनियातील काकुमा छावणीत २०१५ पासून धान्याचा काही भाग देण्याऐवजी मोबाइलवर अन्नखरेदीची रक्कम मिळू लागली. ऑक्सफर्डच्या निर्वासित अभ्यास केंद्राने तेथील दुकानदारांचा अभ्यास केला; त्यांत निर्वासित होते, तसे यजमान तुर्काना समाजाचे लोकही होते.

८/१० मात्र रक्कम तुटपुंजी असली, की बाजार जवळ असूनही कुटुंबे उधारीत अडकतात. भत्ता टिकला, तरच चूल टिकते.

९/१० वळिवड्याची दुबळी बाजूही हीच. खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारवर होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढली आणि वसाहतीचे भवितव्य आंतरराष्ट्रीय मदतीवर अवलंबून राहिले. १९४८ पर्यंत ती रिकामी झाली.

१०/१० पण जागा ओस पडली नाही. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित त्याच ठिकाणी आले. पुढे तेच गांधीनगर झाले आणि आज ते कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. एकाच भूमीने दोनदा निर्वासितांना थारा दिला आणि दोन्ही वेळा त्यांचे नाते बाजाराशी जुळले.