नाण्यावरची बाई, गळ्यातली पुतळी

गटाच्या बैठकीत सोन्याचा विषय निघाला की आपण भाव, गहाण आणि व्याज यांवरच बोलतो. आज सोन्यावरच्या चित्रांबद्दल बोलू.

आपलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांमध्ये त्याचं नाव येतं. रोमची सोन्याचांदीची नाणी भडोचला उतरत आणि ती देशी नाण्यांशी बदलताना नफा होई, असंही त्यात लिहिलंय. बदल्यात इथून सुती कापड, हस्तिदंत, पिंपळी जाई. भारत दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स नेतो, अशी रोमच्या प्लिनीची तक्रार होती. पूर्वेकडच्या या खर्चाचा दोष त्याने कुणाला दिला? चैनीला आणि बायकांना!

रोमच्या सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. वजन साधारण पाऊण तोळा. एका बाजूला सम्राटाचा चेहरा. टायबेरियस सम्राटाची नाणी भारतात बरीच सापडली. त्यांच्या मागच्या बाजूला राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली एक बाई दिसते. ती सम्राटाची आई लिव्हिया, असं बरेच अभ्यासक मानतात.

आपल्याकडे सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांना भोक पाडलेलं किंवा कडी लावलेली आहे. म्हणजे नाणं बाजारातून गळ्यात आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकं मिळाली. सोनं नसलं तरी नक्षीची हौस होतीच.

पुढे व्हेनिसचं डुकाट आलं. ते १२८४ पासून पाडलं जाई, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. त्यावर संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्या लोकांनी त्या जोडीत राम-सीता पाहिले आणि त्यातूनच पुतळ्यांची माळ घडली.

म्हणून मैत्रिणींनो, आजीची पुतळी मोडीत देण्याआधी थांबा. मोडीत फक्त वजनाचा भाव मिळतो. तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन आणि ती कुणाकडून आली हे वहीत लिहा. ते आपलं स्त्रीधन आहे, त्याची नोंद आपल्याच हातात हवी. पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आणि “शेतात सापडलेलं सोनं स्वस्तात देतो” म्हणत कुणी दारात आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.