हप्त्यांच्या सक्तीतून घडलेला आराखडा

हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीविषयी एक समज घट्ट बसलेला आहे. लेखक अंक निघायच्या आदल्या रात्री पाने भरतो, गोष्ट वाहील तिकडे वाहते, वाचक खूश असेपर्यंत ती लांबते. बांधीव कादंबरी हवी तर ती निवांतपणे पुरी करूनच छापायला द्यावी. चार्ल्स डिकन्सची कामाची टिपणे पाहिली की हा समज टिकत नाही. कादंबरी आधी कागदावर आखण्याची शिस्त त्याला हप्त्यांनीच लावली, असे माझे म्हणणे आहे. आणि तिचे कारणही साधे आहे. जानेवारीत छापून विकला गेलेला भाग जूनमध्ये दुरुस्त करता येत नाही.

ही शिस्त त्याच्याकडे पहिल्यापासून नव्हती. 1836 मध्ये ‘पिक्विक पेपर्स’ सुरू झाले तेव्हा रॉबर्ट सीमूर या चित्रकाराच्या गमतीदार चित्रांना मजकूर पुरवणे, एवढेच काम चोविशीतल्या डिकन्सकडे आले होते. दुसरा भाग निघण्यापूर्वीच सीमूरने आत्महत्या केली. मग चित्रे चारांवरून दोनांवर आली, मजकूर 24 पानांवरून 32 पानांवर गेला, आणि महिन्याला 1 शिलिंगचा, 32 पानांचा भाग हा साचा ठरून गेला. असे 20 भाग 19 महिन्यांत निघत, कारण शेवटचे दोन भाग एकत्र येत. साचा ठरला, पण गोष्ट आखण्याची पद्धत मागाहून आली. ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मधल्या नेलचा मृत्यू कादंबरी निम्मी झाल्यावर आपणच सुचवला, असे त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर सांगतो. ‘मार्टिन चझलविट’चे पहिले भाग अपेक्षेइतके खपेनात, तेव्हा नायकाची रवानगी अमेरिकेला झाली.

1846 मध्ये सुरू झालेल्या ‘डोंबी अँड सन’पासून चित्र बदलते. इथपासून मासिक भागांच्या प्रत्येक कादंबरीची दर भागाची टिपणे सलग मिळतात. फॉर्स्टरने मृत्युपत्राने एका संग्रहालयाला दिलेल्या कागदपत्रांत त्यांतली बहुतेक आहेत, आणि 1957 मध्ये जॉन बट आणि कॅथलीन टिलट्सन यांनी त्यांच्या आधारे डिकन्सची कामाची रीत उलगडून दाखवली. दर भागासाठी एक कागद, त्याचे दोन भाग. उजवीकडे भागाचा क्रमांक, प्रकरणांची नावे, त्यांत काय येणार ते. डावीकडे मात्र तो स्वतःशीच बोलतो: अमुक पात्र या भागात आणायचे का? तमुक प्रसंग आता घ्यायचा का? त्याखाली उत्तर येते. कधी होकार, कधी नकार, कधी ‘अजून नाही’. ‘ब्लीक हाउस’च्या टिपणात रस्ता झाडणाऱ्या जो या पोराचे नाव प्रश्नचिन्हासह येते, मग होकार येतो, आणि मग त्याला मारायचे हा निर्णय. वाचकांना ज्या मृत्यूने रडवले तो टिपणात दोनतीन शब्दांत उरकलेला आहे. मला या कागदांची डावी बाजूच अधिक मोलाची वाटते. काय सांगायचे हे कोणत्याही गोष्टीवेल्हाळ माणसाला ठाऊक असते. काय आणि किती महिने राखून ठेवायचे, हा हिशेब कादंबरीकाराचा.

यावर पहिला आक्षेप असा की इतक्या आखणीने कादंबरीतला जीव जातो. ‘डोंबी’चाच दाखला घेऊ. 1846 च्या जुलैत डिकन्सने फॉर्स्टरला पत्राने कादंबरीचा सगळा ओघ कळवला होता. छोट्या पॉलचा मृत्यू ठरला होता, आणि तो पाचव्या भागाच्या अखेरीस आला. त्याच पत्रात वॉल्टर गे हा उमदा मुलगा हळूहळू बिघडत जाईल असे होते. प्रत्यक्षात तो सज्जन राहिला आणि पॉलची बहीण फ्लॉरेन्स हिच्याशी त्याचे लग्न झाले. डोंबीची दुसरी बायको एडिथ त्याच्या पेढीचा व्यवस्थापक कार्कर याची रखेल व्हायची होती, तेही समीक्षक लॉर्ड जेफ्रीच्या मतामुळे पुढे बदलले. म्हणजे आराखड्याने हात बांधले नाहीत. एक धागा बदलला तर बाकीच्या कुठल्या धाग्यांना ओढ बसेल हे त्यातून दिसत होते, म्हणून बदलणे निभावले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो डिकन्सचा समकालीन कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याचा आहे. कादंबरीकाराला शेवटाशी जुळवून आरंभ सुधारता आला पाहिजे, म्हणून पुरी लिहून झाल्याखेरीज छापू नये, असे त्याचे मत होते. मुद्दा रास्त आहे. पण हाच ट्रॉलप घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिही आणि रोजची पाने डायरीत मांडी. आणि लिहायला बसताना शेवट काय होणार हे आपल्याला माहीत नसते, त्याची फारशी फिकीरही नसते, असे आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगे. मागे फिरण्याची वाट मोकळी असलेल्याला नकाशाची तितकी गरज भासली नाही. ती बंद असलेल्या डिकन्सला भासली. ट्रॉलप त्यामुळे लहान ठरत नाही. मात्र पुरी लिहून मग छापलेली ती आखीव, हे समीकरण त्याच्याच साक्षीने मोडते.

मराठीत हा प्रश्न हरिभाऊ आपट्यांपाशी येतो. ‘मधली स्थिति’ या आधीच्या कादंबरीला त्यांनी रेनल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबरीचा आधार घेतला होता. 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केल्यावर संपादकही तेच आणि अंक भरणारे कादंबरीकारही तेच, अशी दुहेरी ओढ होती. तरी ‘पण लक्षात कोण घेतो?’ सैल पडत नाही, याचे मोठे श्रेय मी एका आरंभीच्या निर्णयाला देतो: सगळी कहाणी नायिका यमूने स्वतः, मागे वळून सांगायची. सांगणारीला पुढचे सारे भोग ठाऊक आहेत, म्हणून बालपणाच्या हकिगतीतही त्यांची सावली पडते, आणि कोणता प्रसंग ठेवायचा, कोणता गाळायचा याची कसोटी प्रत्येक अंकाला आयती मिळते. अर्थात अशी निवड अंक भरून देत नाही. त्याच हरिभाऊंची ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ अपुरी राहिली, आणि 12 भागांची ठरलेली ‘एडविन ड्रूड’ 1870 मध्ये डिकन्सच्या मृत्यूमुळे सहाव्या भागावर थांबली.