अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडताना मतदार कातडीचा रंग बघतो का?

नववीच्या वर्गात अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. तिकडचे गोरे लोक काळ्या उमेदवाराला खरंच मत देतात का? अर्धा वर्ग म्हणतो, देतात, नाहीतर बराक ओबामा दोनदा निवडून आले असते का? उरलेला अर्धा मोबाईलवर काहीतरी बघून आलेला असतो. त्याचं म्हणणं, तिकडे सगळा खेळ रंगाचाच आहे. पालकांच्या गप्पांतही आम्ही हाच वाद ऐकतो, कारण आता आपल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी न्यू जर्सीला नाहीतर शिकागोला आहे आणि तिथली निवडणूक आता परकी राहिलेली नाही.

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. उर्दूत ज्याला आपण तअस्सुब म्हणतो, तो वांशिक पूर्वग्रह तिथल्या मतदानावर परिणाम करतो, हे अभ्यासकांनी आकड्यांनिशी दाखवलं आहे. पण तो बहुतेक वेळा शंभरातल्या चार-पाच मतांचा मामला असतो. शंभरच्या शंभर मतं त्यावर ठरत नाहीत. आता ही चार-पाच मतं कशी शोधायची आणि ती कधी भारी पडतात, हे बघू.

थोडा इतिहास आधी. रंगावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही, असं अमेरिकेच्या घटनेत १८७० सालीच लिहिलं गेलं. तरी दक्षिणेकडच्या राज्यांनी वाचन-लेखनाच्या परीक्षा, मतदानासाठी कर, धाकदपटशा असे मार्ग काढून कृष्णवर्णीयांना जवळजवळ शंभर वर्षं मतपेटीपासून लांब ठेवलं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ते चित्र बदललं. त्याच्या आदल्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी होते बॅरी गोल्डवॉटर. त्यांनी सिनेटमध्ये या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. गोल्डवॉटर देशभर सपाटून आपटले, पण मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना ही खोल दक्षिणेतली पाच राज्यं मात्र त्यांनी जिंकली. ही राज्यं तोवर पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे बालेकिल्ले मानली जात.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. १९६४ नंतर आजपर्यंत एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला गोऱ्या मतदारांचं बहुमत मिळालेलं नाही. उमेदवार गोरा असला तरी नाही. म्हणजे रंगाचा प्रश्न नुसता उमेदवाराच्या चेहऱ्यात नसतो, तो पक्षांच्या ओळखीतच मुरलेला आहे. हे विसरलं की पुढचे सगळे आकडे चुकीचे वाचले जातात.

१९६८ साली जॉर्ज वॉलेस उघड वर्णभेदी भूमिका घेऊन उभे राहिले आणि त्यांनी साडेतेरा टक्के मतं व पाच राज्यं मिळवली. त्यानंतर मात्र असं उघड बोलणं राजकारण्यांना महागात पडू लागलं. मग भाषा बदलली. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध टीव्हीवर एक जाहिरात फिरली. त्यांच्या राज्यातला एक कैदी रजेवर सुटून बाहेर गुन्हे करतो, एवढाच तिचा विषय. जाहिरातीत रंगाचा शब्दही नव्हता. फक्त त्या कृष्णवर्णीय कैद्याचा, विली हॉर्टनचा, फोटो होता. संशोधक ताली मेंडेलबर्ग यांनी नंतर दाखवलं की असा आडून केलेला इशारा तोवरच चालतो, जोवर त्याला कुणी नाव देत नाही. 'हे तर वर्णद्वेषी आहे' असं चारचौघांत म्हटलं गेलं की बरेच मतदार त्यापासून अंग काढून घेतात. आपल्याकडच्या प्रचारसभा ऐकणाऱ्यांना हे तंत्र ओळखीचं वाटेल.

खोटं पकडायचं कसं?

पूर्वग्रह मोजताना मोठी अडचण ही की तो कुणी कबूल करत नाही. १९८२ साली लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. बहुतेक पाहण्या त्यांना पुढे दाखवत होत्या, पण ते थोडक्यात हरले. १९८९ मध्ये व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर पाहण्यांत चांगलेच पुढे होते आणि प्रत्यक्षात सात हजारांपेक्षाही कमी मतांनी निवडून आले. काही गोरे मतदार पाहणीवाल्याला एक सांगतात आणि मतदान केंद्रात दुसरंच करतात, असा अर्थ त्यातून निघाला आणि त्याला 'ब्रॅडली परिणाम' हे नाव पडलं. मात्र २००८ मध्ये ओबामांच्या बाबतीत तसं घडलं नाही. शेवटच्या पाहण्या आणि निकाल बऱ्यापैकी जुळले.

लोक तोंडाने सांगत नाहीत, तेव्हा संशोधकांनी वेगळ्या वाटा शोधल्या. आम्हाला त्यातली एक फार आवडते, कारण ती वर्गात करून दाखवता येते. माणसांचे दोन गट करायचे. पहिल्या गटाला राग येण्याजोग्या तीन गोष्टींची यादी द्यायची, पेट्रोलवरचा कर, खेळाडूंचे अफाट पगार, कारखान्यांचं प्रदूषण. दुसऱ्या गटाच्या यादीत चौथी गोष्ट घालायची, शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येणं. कुणालाच 'कशाचा राग येतो' असं विचारायचं नाही. फक्त 'किती गोष्टींचा येतो' तो आकडा सांगायचा. माणूस बिनधास्त खरं बोलतो, कारण त्याचा आकडा नेमका कशाचा हे कुणाला कळत नाही. पण दोन गटांच्या सरासरीतला फरक चौथ्या गोष्टीबद्दलचा राग उघड करतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात दक्षिणेतल्या गोऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना त्या शेजाऱ्याचा राग येतो असं निघालं. बाकी देशात हे प्रमाण दहाच्या आसपास होतं.

दुसरी वाट गूगलची. सेठ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने विचार केला, माणूस एकटा असताना सर्च बॉक्समध्ये काय टाइप करतो ते बघावं. कृष्णवर्णीयांसाठीची अर्वाच्य शिवी कुठल्या भागात किती शोधली जाते, ते त्याने मांडलं. मग २००४ मध्ये गोरे उमेदवार जॉन केरी यांना त्या भागात मिळालेली मतं आणि २००८ मध्ये ओबामांना मिळालेली मतं शेजारी ठेवली. जिथे असा शोध जास्त, तिथे ओबामा अपेक्षेपेक्षा मागे. त्याच्या हिशेबाने, २००८ आणि २०१२ या दोन्ही वेळा या द्वेषापायी ओबामांना देशभरातली सुमारे चार टक्के मतं गमवावी लागली. आणि हे भाग फक्त दक्षिणेत नव्हते. वेस्ट व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनियाचा पश्चिम भाग, ओहायोचा पूर्व भागही त्यात होते.

मग ओबामा जिंकले कसे?

२००८ च्या एक्झिट पोलनुसार ओबामांना ४३ टक्के गोऱ्यांनी मत दिलं. केरींना चार वर्षांपूर्वी ४१ टक्के मिळाली होती. वरवर बघता काळा उमेदवार गोऱ्यांत गोऱ्यापेक्षा सरस ठरला! पण त्या वर्षी इराक युद्धाला लोक कंटाळले होते, बँका कोसळत होत्या, रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बुश कमालीचे नावडते झाले होते. अशा वर्षी विरोधी पक्षाच्या उमेदवाराला याहून जास्त मिळायला हवं होतं. गेलेली चार मतं या 'हवं होतं'मध्ये दडलेली आहेत. ओबामा सात टक्क्यांच्या फरकाने जिंकले, म्हणून ती दिसली नाहीत.

उलट बाजूही बघू. कृष्णवर्णीयांपैकी ९५ टक्के मतं ओबामांना पडली. हाही रंगच नाही का, असं काही जण विचारतात. पण केरींनाही त्यांच्यातली ८८ टक्के मिळालीच होती. पक्ष आधी, रंग नंतर. शिवाय आपला माणूस पहिल्यांदा उभा राहिल्याचा आनंद आणि दुसऱ्याबद्दलचा तिटकारा, यांना एका तराजूत घालणं आम्हाला पटत नाही. राष्ट्राध्यक्षपदाचं नसलं तरी एक उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचं आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेले. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या डेट्रॉइट शहराचा मोठा भाग येतो. पक्षांतर्गत निवडणुकीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली आणि ठाणेदार पुढे गेले. 'आता आमचं प्रतिनिधित्व कोण करणार' ही तिथली चर्चा आपल्याकडच्या मतविभागणीच्या चर्चेसारखीच होती.

ओबामा निवडून आल्यावर पूर्वग्रह विरला असंही नाही. मायकेल टेसलर या अभ्यासकाचा एक प्रयोग मजेशीर आहे. ओबामांकडे आणि सिनेटर टेड केनेडींकडे एकाच जातीचे कुत्रे होते. टेसलरने लोकांना एकच फोटो दाखवला. काहींना सांगितलं हा केनेडींचा, काहींना सांगितलं ओबामांचा. कृष्णवर्णीयांबद्दल आकस बाळगणाऱ्या लोकांना तोच कुत्रा ओबामांचा म्हटल्यावर कमी आवडला. दोघे नेते एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्षाचा बहाणाही उरला नाही.

'मुसलमान' ही शिवी झाली तेव्हा

ओबामा ख्रिस्ती आहेत. तरी ते छुपे मुसलमान आहेत ही अफवा पहिल्या प्रचारापासून चिकटली ती सुटलीच नाही. ऑगस्ट २०१० च्या प्यू संस्थेच्या पाहणीत १८ टक्के अमेरिकनांनी ते मुसलमान असल्याचं सांगितलं. रंगावरून उघड बोलायची लाज वाटते, पण धर्मावरून बोलायची वाटत नाही, हे इथे दिसतं. ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या एका सभेत एक बाई रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅक्केन यांना म्हणाल्या की ओबामा अरब आहेत, आपला त्यांच्यावर विश्वास नाही. मॅक्केन यांनी त्यांच्या हातून माइक घेतला आणि सांगितलं, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत. त्यांच्या सभ्यतेचं कौतुक झालं ते योग्यच. पण अरब माणूस सभ्य, कुटुंबवत्सल असू शकत नाही का, हा प्रश्न तसाच लटकत राहिला.

तो प्रश्न त्याच महिन्यात कॉलिन पॉवेल यांनी टीव्हीवर विचारला. ते निवृत्त जनरल, माजी परराष्ट्रमंत्री आणि स्वतः रिपब्लिकन. ओबामा मुसलमान नाहीत हे खरं, पण असते तर काय बिघडलं असतं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. इराकमध्ये वयाच्या विसाव्या वर्षी मारला गेलेला अमेरिकी सैनिक करीम रशाद सुलतान खान याच्या कबरीला टेकून बसलेल्या आईच्या फोटोची गोष्ट त्यांनी सांगितली. त्या कबरीच्या दगडावर चाँद-तारा कोरलेला आहे.

गॅलप ही संस्था कित्येक वर्षं एक प्रश्न विचारते. तुमच्या पक्षाने लायक उमेदवार दिला आणि तो अमुक समाजाचा असला, तर मत द्याल का? १९५८ मध्ये कृष्णवर्णीय उमेदवाराला 'हो' म्हणणारे ३८ टक्के होते. २०१५ मध्ये ते ९२ टक्के झाले. त्याच २०१५ मध्ये मुस्लिम उमेदवाराला 'हो' म्हणणारे ६० टक्के होते, २०१९ मध्ये ६६. तोंडावर बोलायला लोक कचरतात हे आपण वर पाहिलंच, त्यामुळे ९२ चा आकडा जपूनच घ्यावा. पण मुसलमानांच्या बाबतीत तेवढा संकोचही दर दहातल्या तीन-चार जणांना वाटत नाही. वयानुसार पाहिलं तर चित्र बदलतं. तिशीच्या आतल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक मुस्लिम उमेदवाराला मत द्यायला तयार होते, पासष्टीच्या पुढच्यांत निम्म्याहून कमी.

थोडी मतं कधी भारी पडतात

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्यवार ५३८ निर्वाचक असतात, २७० लागतात, आणि बहुतेक राज्यांत जो एका मताने पुढे तो राज्याचे सगळे निर्वाचक नेतो. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतला मिळून फरक ८० हजारांहून कमी मतांचा होता आणि तेवढ्यावर डोनाल्ड ट्रम्प जिंकले. त्यांनी प्रचारातच मुसलमानांना देशात येण्यास पूर्ण बंदी घालायची मागणी केली होती. वंश, स्थलांतरित आणि मुसलमान यांच्याबद्दलची मतं ही ट्रम्प यांच्या मतदाराची ओळख पटवायला पैशाच्या चिंतेपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असं जॉन साइड्स, टेसलर आणि लिन वाव्रेक यांनी आपल्या पुस्तकात दाखवलं. बंद पडलेले कारखाने आणि शिक्षणातली दरी हेही त्यात गुंतलेलं आहे, असं दुसरे अभ्यासक म्हणतात. आम्हाला पहिल्यांचा पुरावा जड वाटतो, पण दुसऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

कारण दोनशेहून जास्त काउंट्या, म्हणजे तिकडचे जिल्हे, असे आहेत की जिथे दोनदा ओबामा आणि मग ट्रम्प जिंकले. मिशिगनमधली मॅकोम काउंटी त्यातलीच. ज्यांनी काळ्या माणसाला दोनदा मत दिलं ते वर्णद्वेषी कसे, हा प्रश्न रास्त आहे. पण पूर्वग्रह म्हणजे विजेचं बटण नव्हे, चालू नाहीतर बंद. एखाद्याच्या मनात तो असतो आणि नोकरीची काळजी त्याहून मोठी असते. पुढच्या वेळी प्रचाराचा विषयच स्थलांतरित आणि मुसलमान झाला की तोच माणूस दुसऱ्या मापाने मोजायला लागतो.

२०२४ ने आणखी गुंता केला. आईकडून भारतीय आणि वडिलांकडून जमैकन वंशाच्या कमला हॅरिस हरल्या, पण ट्रम्प यांची सर्वांत ठळक वाढ गोऱ्यांत नव्हती. एक्झिट पोलप्रमाणे लॅटिनो मतदारांत ते २०२० मधल्या ३२ टक्क्यांवरून सुमारे ४६ वर गेले. महागाई हा त्यातला मोठा मुद्दा होता. आणि मिशिगनमधलं डिअरबॉर्न, अरब वंशाच्या लोकांचं बहुमत असलेलं शहर, जिथे चार वर्षांपूर्वी बायडन यांनी एकतर्फी मतं घेतली होती, तिथे ट्रम्प सुमारे ४२ टक्के, हॅरिस ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन १८ असा निकाल लागला. मुस्लिमबंदीची मागणी करणारा उमेदवार त्या शहरात पहिला आला. तिथल्या लोकांना ती बंदी आठवत नव्हती असं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी गाझा होतं.